दुधाच्या टँकरमधलं पाणी

आमच्या गावच्या नगरपालिकेत मी पाच वर्षं नगरसेविका होते आणि त्यातलं एक वर्ष पाणीपुरवठा सभापती. ते वर्ष दुष्काळाचं होतं, म्हणूनच ते पद माझ्याकडं आलं. तलाव भरलेला असता तर त्या खुर्चीसाठी माणसांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलं असतं. त्या वर्षी मात्र सभागृहात कुणीतरी माझं नाव घेतलं आणि बाकीच्यांनी लगेच बाकं वाजवली. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता शिव्या खायला तयार ऱ्हा."

माझा वॉर्ड म्हणजे वरची आळी. गाव उतारावर वसलेलं, आणि आमची आळी सगळ्यात उंचावर. पाइपलाइनचं शेवटचं टोक आमच्याकडं, त्यामुळं खालच्या पेठेत नळ धो धो वाहायचा तेव्हा आमच्याकडं तो नुसता फुसफुसायचा. आळीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. दाराला कुलूप, म्हातारी माणसं मागं. त्यातलीच एक आक्का.

आक्का माझी कुणी नात्याची नव्हती. माझं नाव पहिल्यांदा निवडणुकीत आलं तेव्हा मला धड भाषण करता येत नव्हतं, आणि ही बाई माझ्यापुढं चालत घरोघर जायची. "ही आपली पोरगी हाय. शिकल्याली हाय. हिला बोलता येत न्हाई, पण आइकता येतं," असं सांगायची. तिचा लेक आणि सून कोयता घेऊन साखर कारखान्याच्या मुलखात जायचे. घरात ती आणि तिची म्हैस. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत ती दूध घालायची. तेवढ्यावर तिचं बरं चाललेलं असायचं, आणि लेकाच्या पैशाला आपण हात लावत नाही, हे ती चारचौघांत मुद्दाम सांगायची.

दूध संस्था आमच्या आळीच्या बाजूलाच, माळावर. तिचे चेअरमन अण्णा. गावनात्यानं मी त्यांची सून लागायचे. संस्थेकडं स्टीलचे दोन टँकर होते. रोज संध्याकाळी गोळा झालेलं दूध ते जिल्ह्याच्या डेअरीला पोचवायचे.

मी लग्न होऊन या गावात आले त्या सालीही दुष्काळच होता. तेव्हा जनावरं आटली, दूध कमी झालं आणि एक टँकर रिकामा राहायला लागला. त्या वेळच्या नगराध्यक्षांनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली, आणि दुपारी टँकर आळीत हजर. किती साधं होतं सगळं. ड्रायव्हर गावातलाच, त्यामुळं कुठल्या वळणावर गाडी मागं घ्यायची, कुठल्या घरात बाळंतीण आहे, त्याला सगळं ठाऊक. पाण्याला दुधाचा किंचित वास यायचा. लेकरं त्याला दूधपाणीच म्हणायची. नव्या नवरीला घरचे पाण्याला पाठवायचे नाहीत, पण मी हट्टानं जायचे, कारण त्या टँकरजवळच माझी या गावातल्या बायकांशी ओळख झाली. आक्काशीही तिथंच.

खरेदीचे नियम तेव्हाही असतीलच, पण ते आमच्या आळीपर्यंत कधी आले नाहीत. पुढं ते आले. का आले, तेही सांगायला पाहिजे. त्या चिठ्ठीच्या राज्यात चांगली माणसं होती तशी दुसरीही होती. टँकर एक आला तर बिलं चार निघायची. न आलेल्या पाण्याचे पैसे उचलून माणसांनी माड्या चढवल्या. म्हणून सरकारनं कायदा आवळत नेला. आधी तीन ठिकाणची दरपत्रकं घ्या म्हणाले. मग ठराविक रकमेच्या वर गेलं की निविदा काढा. मग ती निविदा कागदावर नको, कॉम्प्युटरवर, सगळ्या राज्याला दिसेल अशी. सहकारी संस्थांना निविदेशिवाय काम देण्याची जी सवलत होती, तीही निघाली.

निवडून आल्यावर आम्हा नव्या नगरसेवकांना जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला नेलं होतं. तिथं एका अधिकाऱ्यानं पडद्यावर हे सगळं समजावलं. मी वहीत उतरून घेतलं. मला पटलंही. आता चोराला जागा राहणार नाही, असं मला मनापासून वाटलं आणि मी आक्काला येऊन तसं सांगितलं. ती म्हणाली, "चोरं लई हुशार असत्यात बाई. पण बरंय."

माझ्या सभापतिपदाच्या साली पाऊस असा आलाच नाही. श्रावणात रिमझिम झाली, त्यावर पेरलेलं उगवून करपलं. संक्रांतीला तलावाच्या तळाला भेगा दिसायला लागल्या. नळ आठवड्यानं, मग पंधरवड्यानं, मग वरच्या आळीत आलाच नाही. होळीच्या सुमारास जनावरं चारा छावणीला निघाली. संस्थेचं दूध इतकं घटलं की दोन्ही टँकर माळावरच्या लिंबाखाली उभे राहिले. माझ्या गच्चीवरून ते दिसायचे. उन्हात अशी चकाकी मारायचे की बघवायचं नाही.

मी अण्णांकडं गेले. ते बाजेवर पडले होते. मी विषय काढायच्या आधीच म्हणाले, "सूनबाई, टँकर पायजेत ना? किल्ल्या घेऊन जा. डिझेलचं आन ड्रायव्हरचं तेवढं नगरपालिकेनं बघावं. आमाला फायदा नको."

मी तशीच मुख्याधिकाऱ्यांकडं गेले. ते तरुण होते, विदर्भाकडचे. बायको आणि तान्हं मूल त्यांनी सासरी पाठवून दिलं होतं, कारण सरकारी क्वार्टरलाही पाणी नव्हतं. ऑफिसात ते एकटेच डबा खात बसले होते. मी अण्णांचा निरोप सांगितला. त्यांनी हात धुतला, म्हणजे बाटलीतल्या पाण्यानं बोटं ओली केली, आणि म्हणाले, "ताई, हे मला करता येणार नाही."

"का?"

"उन्हाळाभर टँकर लावायचे म्हणजे रक्कम मर्यादेच्या वर जाते. ई-निविदा काढावीच लागेल. तुकडे पाडून लहान लहान कामं दाखवली तर तेही आता गुन्ह्यात धरतात."

"साहेब, बायका रात्रीपासून रांगा लावून बसल्यात."

"मला दिसत नाही का?" त्यांचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "माझ्याबरोबर नोकरीला लागलेला एक मित्र दुसऱ्या जिल्ह्यात घरी बसलाय, ताई. त्यानं गेल्या उन्हाळ्यात निविदा न काढता टँकर लावले. पाणी खरंच वाटलं. एक पैसा खाल्ला नाही. तरी चौकशी लागली आणि निलंबित झाला. लोकांनी त्याचा सत्कार केला होता. आता फोन पण उचलत नाही कुणाचा."

मी तहसीलला गेले. तिथं खेडोपाडी टँकर सुटत होते. लिंबागणेशकडच्या वाड्यांना जाताना मी ते डोळ्यांनी बघितले होते. तहसीलदारांनी माझं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आमच्याकडं ग्रामीण भाग. तुमचं शहर आहे. शहराचं नगरपालिकेनं बघायचं." आमच्या आळीत गोठे, उकिरडे, दारोदार गोवऱ्या. पण कागदावर आम्ही शहर.

मग म्हटलं, संस्थेलाच निविदा भरू दे. अण्णांनी आपल्या सेक्रेटरीला बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडं बसवलं. तो दोन दिवस बसला. डिजिटल सही नव्हती, ती काढायला घातली. अनामत रक्कम भरायची तयारी केली. मग पुढची अट निघाली, मागच्या तीन वर्षांतल्या पाणी वाहतुकीचा अनुभव आणि त्याची उलाढाल. संस्थेनं जन्मभर दूध वाहिलेलं. पाणी वाहिलं होतं ते त्या जुन्या दुष्काळात, चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी आता कोण शोधणार? शोधली तरी तीन वर्षांत थोडीच बसणार होती. शिवाय टँकरची नोंदणी दुधासाठी, पाण्यासाठी नव्हे. सेक्रेटरी परत आला आणि अण्णांना म्हणाला, "आपण बसतच न्हाई त्यात."

अण्णा चिडले. काठी टेकत स्वतः नगरपालिकेत आले. मी बरोबर होते.

"फुकट घ्या," ते मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले. "डिझेल बी आमचं. मग तर खरेदी न्हाई ना? मग कशाचं टेंडर?"

साहेब उभे राहिले होते, म्हाताऱ्या माणसाला मान म्हणून. ते म्हणाले, "अण्णा, फुकट घेतलं तरी वाटप नगरपालिकेचंच होतं. टँकर पाण्यासाठी पास नाही. उद्या एखादं लेकरू आजारी पडलं तर सही कुणाची विचारतील."

"ज्या टाकीतलं दूध तुमच्या लेकरानं पिलं, तिच्यातलं पाणी चालत न्हाई? कावून?"

साहेबांनी टेबलावरचं नियमांचं पुस्तक अण्णांपुढं सरकवलं. म्हणाले, "मला नियमात बसवून दाखवा. मी आत्ता सही करतो."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "चल सूनबाई." जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. मला वाटलं होतं ते साहेबांना नावं ठेवतील. ते एवढंच म्हणाले, "पोरगं भ्यालंय. मी बी भ्यालो असतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आळीत एकदम गलका झाला. मी बाहेर धावले. दुधाचा टँकर वळणावर मागं येत होता, आणि अण्णा स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले होते. कुणाला न विचारता त्यांनी आपल्या मळ्यातल्या विहिरीवर टँकर भरला होता. बायकांनी घागरी, हंडे, तपेली, लेकराचं अंघोळीचं घंगाळ, मिळेल ते आणलं. कुणी भांडलं नाही. आक्कानं रांजण भरला, बादली भरून म्हशीपुढं ठेवली आणि म्हैस पाण्यात नाकपुड्या बुडवून पीत होती तोवर तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

असं ते चार वेळा आले. पाचव्यांदा विहिरीनं गाळ दिला. अण्णांच्या मोसंबीची झाडं त्या पाण्यावर होती, ती त्यांनी आधीच सोडून दिली होती. गावात पाण्याचा साठा म्हणायचा तर नगरपालिकेच्या ताब्यातली एक विहीर. तिथं टँकर नेला, तर वॉचमननं हात जोडले. "साहेबांचा आर्डर दाखवा अण्णा. मला घालवता का कामावरनं?" टँकर परत लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

इकडं निविदा निघाली होती. पहिल्या वेळी एकच जण आला. एकट्यालाच काम देता येत नाही म्हणून ती पुन्हा काढावी लागली. मुदत, उघडणं, तपासणी, मंजुरी. मी रोज नगरपालिकेत जाऊन बसायचे. सभापतीच्या दालनात पंखा होता, टेबलावर काच होती, काचेखाली देवाचा फोटो होता. करायला काही नव्हतं. मी काही सही करू शकत नव्हते, काही थांबवू शकत नव्हते आणि कुणावर ओरडावं तर समोरचा माणूस चुकीचं बोलत नव्हता. बायका यायच्या, माझ्यापुढं उभ्या राहायच्या. मी त्यांना तारखा सांगायचे. एकदा एकजण म्हणाली, "तारीख हंड्यात वतता येत असती तर लई बरं झालं असतं ताई." तिच्याबरोबरच्या हसल्या. मीही हसले, आणि त्या गेल्यावर दार लावून घेतलं.

शेवटी काम लागलं, लांबच्या शहरातल्या एका कंपनीला. सगळ्यात कमी दर त्यांचा, सगळी कागदपत्रं चोख. तेव्हा अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. त्यांचे टँकर आले तेव्हा मी फुलं घेऊन चौकात गेले होते. गाड्या आमच्या बोळांच्या दुप्पट रुंद. ड्रायव्हरनं वरच्या आळीच्या तोंडाशी गाडी उभी केली, मान बाहेर काढून बघितलं आणि म्हणाला, "इथं न्हाई जात." त्याचं खोटं नव्हतं. मग चौकात एक मोठी काळी प्लास्टिकची टाकी बसवली आणि पाणी तिथं सोडायचं ठरलं. टाकी खाली, आळी वर. मी साहेबांना म्हटलं, दुधाचा टँकर छोटा आहे, इथून वर नेण्यापुरता तरी वापरू. ते म्हणाले, "करारात उपठेकेदार नाही, ताई." त्यांना ते म्हणताना इतकं वाईट वाटत होतं की मीच म्हटलं, "असू द्या."

आक्का गुडघ्यांनी अधू होती, आणि तोड संपली तरी तिचे लेक-सून त्या साली गावी परतले नव्हते. पहिले काही दिवस शेजारणींनी तिच्या दोन कळशा आणल्या. पण म्हशीला दोन कळशांनी काय होतं? शेजारीण आपल्या लेकराला अंघोळ घालायची का दुसऱ्याच्या म्हशीला पाणी पाजायची? आमच्या घरच्या बोअरला थोडं पाणी होतं, त्यातली एक घागर मी पाठवायचे. एक दिवस माझीही बोअर आटली, आणि त्या संध्याकाळी मी रिकाम्या हातानं तिच्याकडं गेले.

ती गाठोडं बांधत होती.

"छावणीला चालले," ती म्हणाली. "म्हशीला पाणी हाय तितं. मला बी असंल."

"आक्का, अजून आठ दिवस थांबा. मी छोट्या टँकरची वेगळी निविदा..."

"नगं गं." तिनं माझ्या हातात गाठोड्याचं टोक दिलं. "धर, गाठ मारू दे." गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या हातात काय हाय माय? मला कळतंय की. मी का तुला बोलले का काही?"

ती बोलली असती तर बरं झालं असतं. शेजारचा एकजण आपली बैलं घेऊन निघाला होता, त्याच्याबरोबर ती गेली. म्हैस पुढं, आक्का मागं, उतारावरून एक एक पाऊल टाकत. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि मग मला पुढं जाता येईना. काय म्हणून जायचं होतं?

छावणी नांदूरघाटच्या वाटेवर होती. महिन्याभरानं मी जीप करून तिला भेटायला गेले. लांबूनच उसाच्या पाचटाच्या मांडवांच्या रांगा दिसल्या, त्यांखाली दावणीला बांधलेली जनावरं, आणि जनावरांच्या मधून माणसांचे संसार. चूल, बाज, भिंतीविना फळीवर ठेवलेले देव. आक्का म्हशीखालचं शेण काढत होती. मला बघून तिनं हात झाडले आणि इतकी हसली की तिचे मोडके दात दिसले. तब्येत सुधारली होती तिची.

"बस. च्या टाकते."

तिनं चहाला पाणी घेतलं ते पिंपात पातेलं बुडवून, भरभरून. मी त्या पिंपाकडं बघत राहिले. ते काठोकाठ भरलेलं होतं. तिथं रोज टँकर यायचा. जनावरामागं किती पाणी द्यायचं याचा सरकारी हिशेब होता आणि तो पाळला जात होता.

चहा झाला. आक्का माझ्या डोक्याकडं बघत होती. "कवा धुतलंस?"

उन्हाळाभर मी केस ओल्या फडक्यानं पुसत होते. सभापतीच्या घरी न्हाणीत पाणी सांडलेलं दिसलं तर आळी काय म्हणेल, ही एक भीती, आणि खरंच पाणी नव्हतं, ही दुसरी गोष्ट.

"चल, धुवून दिते."

"नको आक्का. म्हशीचं पाणी आहे ते."

"म्हस माझीच हाय ना? तिला इचारते मी." तिनं मला बाजेजवळ दगडावर बसवलं, केस सोडले, आणि तांब्या तांब्यानं पाणी ओतायला लागली. साबणाची वडी तिनं कपड्यांचीच वापरली. तिच्या बोटांना शेणाचा, दुधाचा वास होता. पाणी मानेवरून पाठीत उतरलं तेव्हा मला रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी मान खालीच ठेवली. तिला कळलं असावं. तिनं आणखी दोन तांबे जास्त ओतले.

ती म्हणाली, "घरला कुलूप हाय, तेवढं बघत जा. उंदरं धान्य खात्याल."

परत आले तेव्हा ऊन कललं होतं. चौकात टाकीभोवती रांग होती, सगळ्या माझ्याच आळीतल्या. जीपमधून उतरले आणि माझ्या लक्षात आलं की केस अजून ओले आहेत, पाठीवर मोकळे सोडलेले. रांगेतलं बोलणं थांबलं. मी काय सांगणार होते, की मी जनावरांच्या छावणीत जाऊन न्हाऊन आले? एक वयस्क बाई तेवढी म्हणाली, "ताई, पदर घ्या डोक्यावर. वारं लागंल." मी पदर घेतला आणि आळी चढायला लागले. कुणीतरी माझ्या मागोमाग भरली घागर घेऊन चढत होतं, त्या पाण्याचा डचमळल्याचा आवाज घरापर्यंत माझ्या पाठीशी होता.

पुढचा पाऊस पोळ्याच्या सुमाराला पडला. छावणी उठली, पण आक्का गावात आली नाही. लेकानं तिला म्हशीसकट आपल्याकडं नेलं. कारखान्याच्या मुलखात त्याला कायमचं काम मिळालं होतं. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. जायच्या दिवशी ते माझ्या घरी येऊन गेले, चहा घेतला, पाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. पुढच्या निवडणुकीत मी उभी राहिले नाही.

आक्काचा फोन येतो कधी कधी, नातवाच्या मोबाईलवरून. "नळ येतो का गं?" ती विचारते. "पाचव्या दिवशी येतो," मी सांगते. "बरंय की मग," ती म्हणते, आणि म्हशीला झालेल्या रेडकाचं सांगायला लागते.